चौथा ठोका

मास्कवर वाफ धरत नव्हती. एवढंच.

तुम्हाला वाटेल, पोरींनो, त्यात काय मोठंसं. पण छातीच्या ऑपरेशनवरून आलेल्या माणसाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो. त्यानं श्वास सोडला की मास्क आतून धुरकट होतो, घेतला की साफ होतो. आपण रोज बघतो, म्हणून बघतच नाही. त्या रात्री धाकट्या सिस्टरनं बघितलं. सोळा नोव्हेंबर, पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं. हाच वॉर्ड, ती खिडकीजवळची खाट. मास्क धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ.

वॉर्डमामा, म्हणजे मीच, तेव्हा बाहेर होतो. तिनंच पाठवलं होतं. "मामा, रस्त्यापलीकडचं औषधाचं दुकान रात्रभर उघडं असतं ना? दोन पेन्सिल सेल आणा." आता सांगतोय ते सगळं तिनं मला नंतर लिहून दिलंय. बोलून नाही, लिहून. का, ते कळेलच.

खाटेवर क्लॅरिनेटवाले बाबा. सगळी हयात फुंकण्यात गेलेली. उजव्या फुप्फुसाचा तुकडा काढायचा होता. आत नेताना तिला म्हणाले, "पोरी, अर्धा भाता घेऊन जातायत. आता मी अर्धंच गाणं वाजवणार, बाकीचं तू गुणगुण." ती हसली. फार हसायची नाही एरवी. दार आपटलं तरी दचकायची, म्हणून भुलीच्या डॉक्टरांनी तिचं नावच दचकी ठेवलं होतं. आदल्याच आठवड्यात तिनं त्यांना तीनदा उगाच उठवलं होतं. "परत असा फोन आला ना, तर तुझीच बदली करतो," म्हणाले होते.

म्हणून ती थांबली. पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याण्णव. उत्तम. आता मास्कमधून भरपूर ऑक्सिजन सुटलेला असला की छाती दमत गेली तरी तो आकडा बराच वेळ शहाण्यासारखा बसून राहतो, हे तिला शिकवलेलं होतं. पण आकडा समोर दिसत असला की शिकवलेलं कोण आठवतं?

तेवढ्यात खाटेच्या कठड्यावर आवाज झाला.

ठक. ठक. ठक… ठ.

चौथा अगदी पुसट. तिनं बाबांचे हात बघितले. दोन्ही पांघरुणाखाली होते.

ती जागच्या जागी गार झाली. कारण तो आवाज तिनं ऐकलेला होता. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच खाटेवर.

भूल देताना सगळे स्नायू ढिले पाडायचं औषध देतात, तुम्हाला माहीत आहे. छाती उचलणारे, पोटावरचा पडदा, सगळेच. तेवढा वेळ श्वास मशीन घेतं. शेवटी उतारा देतात, आणि मनगटाला दोन तारा लावून एक छोटं यंत्र दाबतात. अंगठा चारदा उडतो. चारही झटके सारखे, तर घशातली नळी काढायची. चौथा दमलेला, तर थांबायचं.

वर्षापूर्वी एक शिंपीकाका होते. त्या दिवशी यंत्र बंद. मग डॉक्टर म्हणाले, "डोकं उचला, पाच मोजेपर्यंत धरा." काकांनी धरलं. नळी निघाली. रात्री इथं पडल्या पडल्या ते अंगठ्यानं कठडा वाजवत होते. माणूस पुरता जागा. सगळं ऐकू येतंय. छाती उचलत नाही, आणि हाक मारायला वारा नाही. दचकी पलीकडच्या खाटेला सलाईन लावत होती. वळलीसुद्धा नाही. तिथूनच म्हणाली, "झोपा काका, काही होत नाही."

झोपले.

आणि यंत्र बंद का होतं? त्याच आठवड्यात वॉर्डातलं घड्याळ बंद पडलं होतं. रजिस्टरात औषधांच्या वेळा लिहायच्या, म्हणून हिनं यंत्रातला एक सेल काढून घड्याळात घातला. उद्या दुसरा आणते म्हणाली. मग काका गेले. कुणी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. यंत्र वॉर्डाच्या कपाटात तसंच राहिलं. थिएटरात अजून डोकंच उचलायला लावत होते. घड्याळ मात्र वर्षभर बिनबोभाट चाललं.

ठक. ठक… ठ.

आता तीनच.

तिनं तोंडावर धरून दाबायचा तो रबरी फुगा घेऊन आधी श्वास द्यायला हवा होता. मी आजही तेच म्हणतो. पण तिला पुरावा हवा होता, डॉक्टरांना दाखवायला. ती स्टुलावर चढली. घड्याळातला सेल काढला. यंत्रात घातला. बाबांच्या मनगटाला तारा चिकटवल्या. तार दोनदा निसटली. बटण दाबलं.

अंगठा उडाला. एक. दोन…

मग नाही.

बाबांचे डोळे उघडे होते. तिच्याकडेच बघत होते.

मग तिनं फुगा धरला. एका हातानं मास्क घट्ट, दुसऱ्यानं दाबायचं. भुलीच्या डॉक्टरांना फोन लावून उशीवर ठेवलेला, स्पीकरवर. घंटी वाजतेय. कुणी उचलत नाही. "कुणी आहे का? मामा! अहो, कुणीतरी या!" फुगा दाबला की छाती वर. सोडला की खाली. तिच्या हातानं. आपल्या आपण एकदाही नाही.

पण उशीर झाला होता. पडद्यावरचा आकडा उतरायला लागला. मग हृदयाची हिरवी रेषही सपाट होत गेली.

ठक…

ती दाबत राहिली. घंटी वाजत राहिली. बाबांची नजर तिच्यावरून हलली नाही. मग ती नजर कुणाचीच राहिली नाही.

आणि दोन घंट्यांच्या मधल्या फटीत तिला ऐकू आलं. टिक. टिक. टिक… वर, भिंतीवर. सेल तर तिनं काढला होता.

घंटी थांबली.

फोन उचलला होता.

ती बोलायला गेली. तोंड उघडलं. छाती उचललीच नाही. वारा नाही… हाक नाही… फक्त अंगठा. आपोआप, कठड्यावर. ठक. ठक. ठक. चौथा पडला नाही.

भुलीचे डॉक्टर शपथेवर सांगतात, त्यांचा फोन रात्रभर थिएटरच्या लॉकरमध्ये होता.

मी सेल घेऊन दारात आलो तेव्हा फोनमधून कुणीतरी बोलत होतं. आवाज बाईचा. तिचाच. मऊ, घाईतला.

"झोपा सिस्टर, काही होत नाही."

ती जगली. बोलत मात्र नाही.

काय गं, हसतेस? ते स्टूल ओढ इकडे. चढ वर. घड्याळ काढ… टिकटिक ऐकतेयस ना?… त्याची पाठ वळव… झाकण उघड.

दिसतोय सेल?