थोडी शांतता हवी होती

ती दालनात शिरली ती धापा टाकतच, आणि आत आल्या आल्या तिने पहिलं काम काय केलं, तर एका माणसाच्या हातावर पाय दिला.

"आई गं!"

"अय्या, सॉरी! पण तुम्ही असे जमिनीवर काय करताय?"

"चित्राच्या नावाची पट्टी चिकटवत होतो," तो बोटं झटकत म्हणाला. "आता बहुतेक डाव्या हाताने चिकटवीन."

"एवढ्या खाली? वाचणार कोण, मांजर?"

"लहान मुलं. मोठ्यांच्या पट्ट्या वर आहेत, पण मोठी माणसं त्या वाचून चित्र न बघताच पुढे जातात. मुलं आधी चित्र बघतात. त्यांच्यासाठी मी खाली नुसता प्रश्न लिहितो."

तिने वाकून बघितलं. चित्रात एक रिकामी खोली होती, खिडकीचा पडदा उडत होता. खाली लिहिलं होतं: 'या खोलीतून आत्ताच कोण उठून गेलं?'

बाहेर पाऊस चालू होता. तिच्या केसांमधून पाणी गळत होतं, खांद्याला लटकवलेला टेपरेकॉर्डर मात्र तिने पदराखाली कोरडा ठेवला होता. तो काळच तसा होता. रेडिओवरच्या माणसाला स्वतःपेक्षा यंत्राची काळजी जास्त. दर रविवारी सकाळी तिचा कार्यक्रम लागायचा: शहरातल्या संग्रहालयांत सध्या काय मांडलंय, ते कोणी काढलंय, कोणी मांडलंय, त्यांच्याशी गप्पा. आज गप्पा थोरल्या बाईंशी होत्या. थोरल्या बाई म्हणजे चित्रकार. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांमध्ये राहिल्या, आणि आता म्हातारपणी त्या सगळ्या खोल्या आठवून आठवून रंगवल्या होत्या.

पण थोरल्या बाईंनी माइक बघितला मात्र, त्या एकदम मागे सरकल्या.

"मला बोलता आलं असतं तर रंग कशाला कालवले असते? ह्याला विचार. हा इथला क्युरेटर. माझ्या चित्रांबद्दल माझ्यापेक्षा जास्त बोलतो, आणि त्यातलं थोडंफार खरंही असतं."

अशा रीतीने ज्याचा हात तुडवला त्याच्यासमोरच तिला माइक धरावा लागला. तो हळू बोलायचा. एक वाक्य झालं की थांबायचा... चित्राकडे बघायचा... मग पुढचं. अशी माणसं तिला एरवी डोक्याला ताप वाटायची. आज तिला घाई नव्हती.

"लोक इथे येतात आणि बाईंच्या खोल्या बघता बघता स्वतःच्याच खोलीत जाऊन बसतात," तो म्हणाला. "तुमची कुठली खोली आठवली?"

"प्रश्न मी विचारते."

"हो, पण आठवली ना?"

आठवली होती. वडील रेडिओ दुरुस्त करायचे ती खोली. टेबलाखाली बसून ती तासन्‌तास ऐकत राहायची. वर वडिलांचं शीळ घालणं, आणि अधूनमधून एखादा मेलेला रेडिओ खरखरत जिवंत होणं. वडील जाऊन खूप वर्षं झाली होती. हे सगळं ती या परक्या माणसाला सांगून बसली, तेही टेप चालू असताना. तिचं तिलाच नवल वाटलं.

गप्पा संपल्यावर ती म्हणाली, "आता जरा शांतता हवी. थोडा वेळ कोणी बोलायचं नाही."

"का? मी एवढा बोललो?"

मग तिने समजावलं. नंतर टेप ब्लेडने कापायची, नको ती वाक्यं काढायची आणि उरलेली चिकटपट्टीने जोडायची. जोडताना मध्ये जी मोकळी जागा राहते तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. दुसरीकडची शांतता लावली तर ठिगळ लगेच कळतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते.

"हे माझ्या पट्टीवर लिहायला हवं होतं," तो म्हणाला, आणि गप्प झाला.

टेप फिरत राहिली. लाकडी जमीन कुठेतरी हलकेच कुरकुरली, खिडकीवर पाऊस वाजत होता. दोघं समोरासमोर उभे, बोलायची बंदी. अशा वेळी माणसाने बघायचं कुठे? तिने चित्राकडे बघितलं, मग बुटांकडे, मग नाइलाजाने त्याच्याकडे. तो आधीपासूनच बघत होता. आणि नेमका त्याच क्षणी तो खोकला.

"अरे देवा! गेली टेप."

"माफ करा... पुन्हा करूया?"

"आता नको. पाऊस वाढलाय. पुढच्या आठवड्यात येते."

पुढच्या आठवड्यात ती आली. या वेळी त्याच्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला. त्याच्या पुढच्या वेळी शिंक आली. असा धांदरट माणूस काचेच्या भांड्यांचं प्रदर्शन कसं मांडत असेल, असं तिला वाटायचं. पण वैताग काही यायचा नाही. उलट संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना ती केस सारखे करायची, आणि दारावरचा पहारेकरी तिला बघून आत हाक द्यायचा, "साहेब, रेडिओ आला हो!"

घरी आई रविवारी इस्त्री करता करता कार्यक्रम ऐकायची. तो भाग लागला तेव्हा तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"कोण गं हा?"

"क्युरेटर. प्रदर्शन मांडतो."

"बोलतो छान. पण तुझ्या आवाजाला काय झालंय? इतकी वर्षं भल्याभल्यांना फाडफाड विचारतेस, आणि इथे आपली गूळ खाल्ल्यासारखी."

"आई, काहीतरीच तुझं!"

"माझं काही नाही. रेडिओ सगळ्या गावाने ऐकलाय."

भांडं फोडलं ते थोरल्या बाईंनी. एका दुपारी त्या स्वतःच्याच चित्रासमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. हे दोघं पलीकडे शांतता रेकॉर्ड करत उभे होते. तो खोकला.

"पुरे झालं आता!" बाई कडाडल्या. "काय गं, तो भाग रेडिओवर लागून महिना होत आला. आता कसली शांतता भरतेस, लोणच्याच्या बरणीत? आणि तू रे! माझ्याशी बोलताना तुला कधी खोकला येत नाही. ही नळी धरून उभी राहिली की नेमका येतो. माझ्या खोल्यांमध्ये माणसं नाहीत म्हणून तुम्ही दोघांनी संसार मांडलात की काय?"

त्याचा चेहरा लालेलाल झाला. तिने घाईघाईने यंत्र बंद केलं, वायर गुंडाळली, आणि पुटपुटली, "मला... दुसरीकडे जायचंय." आणि निघाली. त्याने निदान 'थांबा' तरी म्हणायचं! पायऱ्या उतरताना तिला त्याचा राग आला, आणि बसस्टॉपवर पोचेपर्यंत स्वतःचा.

त्यानंतर ती गेली नाही. आता कुठल्या तोंडाने जायचं? दुसऱ्या संग्रहालयांत गेली, दुसऱ्या कलावंतांना बोलतं केलं, त्यांची शांतता एका दमात घेतली. कोणी खोकलं नाही. ती टेप जोडताना तिला भरून आलं.

मग एक दिवस थोरल्या बाईंचा फोन आला. "प्रदर्शन उतरवतायत. उद्या ट्रक निघणार. आता गावोगाव फिरणार चित्रं, वर्षभर तरी. तो बरोबर चाललाय." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी जास्त बोलले. सवय नाही ना, मग असं होतं."

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. जन्मभर लोकांच्या तोंडून काढून घेतलं, आणि स्वतःच्या तोंडून एक वाक्य निघत नव्हतं. उद्या गेली नाही तर तो माणूस काही न ऐकताच निघून जाणार होता.

सकाळी ती गेली. दालन ओळखू येत नव्हतं. भिंती उघड्या, जिथे चित्रं होती तिथे फिकट चौकोन. खोक्यांवर खिळे ठोकणं चाललं होतं. तो पेन्सिलीने खोक्यांवर खुणा करत होता. तिला बघून पेन्सिल कानावर ठेवायला गेला आणि खाली पाडली.

"आज शांतता नाही मिळायची," तो कसंबसं म्हणाला. "ठोकाठोक चालू आहे."

"बघतेय. मी यंत्र आणलंच नाही."

"मग?"

"बोलायला आलेय." ठाक, ठाक, ठाक. तिने आवाज चढवला. "मला शांतता कधीच नको होती! पहिल्या वेळी हवी होती, नंतर नाही! नंतर मला तुम्ही—"

नेमका त्याच वेळी ठोकणारा माणूस खिळा शोधायला थांबला.

"—आवडता!"

रिकाम्या दालनात तो शब्द चारी भिंतींना आपटून परत आला. ठोकणाऱ्याने मान खाली घालून उगाचच हातोडी पुसायला घेतली. दारातून पहारेकऱ्याचं डोकं आत आलं आणि परत बाहेर गेलं.

"मी खोटं खोकायचो," तो म्हणाला. हळूच, पण या वेळी मध्ये न थांबता. "तो पहिला खोकला खरा होता. बाकी सगळे तुम्ही परत यावं म्हणून. तुम्ही येईनाशा झालात तेव्हा या फिरतीला हो म्हणून बसलो. आता बाईंना शब्द दिलाय. चित्रं माझ्याच भरवशावर चाललीत."

"मग जा."

"रागावून म्हणताय?"

"नाही हो. रडत म्हणतेय, दिसत नाही का?"

त्याने रुमाल काढला. त्याला पेन्सिलीचं काळं लागलेलं होतं, ते तिच्या गालाला लागलं. मग ते पुसायच्या निमित्ताने त्याचा हात तिथेच राहिला... आणि ठोकणारा माणूस बिचारा अजून हातोडीच पुसत होता.

ट्रक गेला. वर्ष फार हळू सरलं. पत्रं आली, फोन आले, मध्ये खरखर करून तुटले. आई दर वेळी विचारायची, "काय म्हणतो गं आपला?" आणि तो आपला कधीपासून झाला, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तो परतला त्या दिवशी ती स्टुडिओत होती. समोर एक नामांकित शिल्पकार, त्याच्या नव्या प्रदर्शनाबद्दल रंगात येऊन सांगत होता. काचेपलीकडे दार उघडलं. धुळीने माखलेला, हातात बॅग घेतलेला तो आत आला, लाल दिवा बघून तिथेच थबकला आणि भिंतीला टेकून वाट बघत उभा राहिला.

तिला पुढचा प्रश्न आठवेना. आत्ताच काय विचारलं होतं, तेही आठवेना.

शिल्पकाराने तिच्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं, आणि माइक स्वतःकडे ओढून घेतला. "जा तुम्ही," तो म्हणाला. "मी माझं बोलत राहतो. मला समोर कोणी लागत नाही."

ती उठली. टेप फिरतच होती. मागे शिल्पकार दगडाबद्दल बोलत होता, आणि तिने जड दार दोन्ही हातांनी ढकललं.

"घरी चल," ती त्याला म्हणाली. "आई जेवायची थांबलीय."