सैलावा

सांगलीत हल्ली भांडणं दोनच वेळा होतात, दुपारी एक ते दोन आणि रात्री आठ ते नऊ. एक वाजला की घरात, कचेरीत, हळदीच्या पेठेत माणसं तोंडातला साचा काढून डबीत ठेवतात, पहिला घास घेतात आणि दुसऱ्या घासाला कुणाचा तरी आवाज चढतो. सासवा-सुना, साहेब-कारकून, सगळ्यांचं उणंदुणं त्या तासाभरात निघतं. दोन वाजता चूळ भरून साचा बसवला की सगळं गार! ज्याचं तोंड बघणार नाही म्हणून शपथ घेतलेली असते, त्यालाच मग बडीशेप पुढे करतात.

केतकी घोरपडे त्याच पेठेत हळदीची प्रतवारी करायची. हळकुंड मोडायचं, वास घ्यायचा, रंग बघायचा, दर्जा सांगायचा. पूर्वी सौदे निघाले की आरडाओरड्याने कानठळ्या बसायच्या म्हणे. आता व्यापारी इतक्या हळू बोली लावतात की पंख्याचा आवाज मोठा वाटतो. कुणी फसवलं तरी दुसरा म्हणतो, असू दे. केतकीला यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटायला वेळच कुठे मिळायचा?

हे सगळं सुरू झालं ते दात सरळ करण्यापासून. आपल्या पणज्यांच्या काळी दातांना तारा बांधत. मग पारदर्शक साचे आले, काढता-घालता येणारे, दर पंधरवड्याला नवा. साचा दातावर मंद दाब देतो. दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. याला दीड-दोन वर्षं लागत. पुढे असा साचा निघाला की जो एकदाच घ्यायचा आणि तोच तोंडातल्या उबेने आपला आकार बदलत राहायचा. त्यातून झिरपणारं एक औषध हाड मऊ ठेवायचं, त्यामुळे दात तीन महिन्यांत ओळीत यायचे, आणि ते तिथेच राहावेत म्हणून साचा पुढे जन्मभर घालायचा. पण मऊ हाडात एक मेख होती. माणूस चिडला की दातओठ खातो, आणि तेवढ्या आवळण्यानेच दात पुन्हा इकडेतिकडे जायचे. म्हणून साच्यात एक सोय घातली. जबडा आवळू लागला की दातांच्या मुळांशी असलेल्या नसांना साचा बारीकशी थरथर द्यायचा आणि मेंदूला कळवायचा, जबडा सैल आहे. मेंदू बिचारा विश्वास ठेवून जबडा सोडून द्यायचा. या सोयीला लोक सैलावा म्हणू लागले.

मोठी माणसं जेवायला तरी साचा काढत. वाढत्या हाडाच्या पोरांना मात्र तीही मुभा नव्हती, सहाव्या वर्षी बसवलेला साचा पहिल्यांदा उतरायचा तो थेट पंचविशीत. तो पिवळा पडू नये म्हणून हळदीच्या या गावात पोरांसाठी वेगळी पांढरी आमटी शिजायची.

बुधवारी सकाळी केतकीची मुलगी जुई बुटाची नाडी बांधत होती. वय वर्षं तेरा, शाळेच्या कबड्डी संघात उजवा कोपरा. बाप विक्रम नोकरीनिमित्त ओडिशात, त्यामुळे घरात दोघीच.

"आई, माझी करंगळी वाकडीच जुळलीय बघ."

"मुरगळलेली ना ती?"

"मोडली होती. मी रडायला लागले म्हणून बामणे सरांनी त्याच हातावर पाय ठेवला. रडणं थांबेपर्यंत. डब्यात काय दिलंयस?"

"मेथी," केतकी म्हणाली. आत काहीतरी उसळलं, जबडा आवळला आणि सैलावा आला. दूध उतू जायच्या आत कुणीतरी गॅस बंद करावा तसं झालं. "बरं. सांभाळून खेळ," ती म्हणाली आणि लेकीला दारापर्यंत सोडून आली.

दुपारी एक वाजता पेठेतल्या बाकड्यावर तिने साचा काढला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातावर पाय? माझ्या पोरीच्या मोडक्या हातावर? आणि मी काय म्हणाले? मेथी! तिने डबा तसाच ठेवला आणि शाळेच्या समितीकडे फोनवरून तक्रार केली. उत्तर लगेच आलं, सोमवारी अकराला सुनावणी, मुलीने स्वतः बोलणं आवश्यक. त्याच सोमवारी चार वाजता बामणे सर संघाला वीस दिवसांच्या शिबिराला घेऊन जाणार होते, पन्हाळ्याच्या पायथ्याशी, जिथे पालकांना भेटीची परवानगी नव्हती. पाठवायचीच नाही, केतकीने ठरवलं. मरू दे तो संघ!

पण तिला स्वतःचा भरवसा नव्हता. दोनला पाच मिनिटं असताना तिने स्वतःसाठीच फोनवर बोलून ठेवलं, "केतके, विसरू नकोस. त्याने पोरीच्या हातावर पाय दिलाय. तू पेटली होतीस. विसरलीस तर याद राख!" सव्वादोनला साचा घालून तिने ते ऐकलं. शेजारच्या घरात कुणी बाई ओरडतेय असं वाटलं. त्या बाईचं वाईट वाटलं तिला. आणि शिबिराचं काय, वीसच तर दिवस आहेत.

गुरुवारी तिने पेठेतून रजा काढली, बारालाच साचा उतरवला आणि तशीच तणतणत मिरजेला डॉक्टर रोहिणी सखदेव यांच्याकडे गेली. वय पंचाहत्तर. सैलावा बनवणाऱ्या तुकडीत तरुणपणी या बाई होत्या. त्यांच्या स्वतःच्या तोंडात मात्र तेव्हापासूनच कवळी होती, त्यामुळे त्या दिवसाचे चोवीस तास चिडू शकत आणि गावात त्याबद्दल प्रसिद्ध होत्या.

"दाताच्या डॉक्टरकडे येताना पायातल्या चपला तरी बाहेर काढाव्यात!" त्या गरजल्या. "बस. काय झालं?"

केतकीने भडाभडा सांगितलं. "जबडा सैल केलात ते ठीक आहे. माझा राग कुठे नेलात?"

"नेला नाही गं. आम्हाला ठाऊकच नव्हतं." बाई जरा खाली आल्या. "हे बघ, तुला वाटतं की आधी राग येतो आणि मग दात आवळतात. अर्धंच खरं आहे. मेंदू सारखा अंगाची चौकशी करत असतो. छाती धडधडतेय का? मुठी वळल्यात का? जबडा आवळलाय का? अंगाने हो म्हटलं तर तो ठरवतो, म्हणजे मी चिडलोय. सगळ्यात मोठा साक्षीदार जबडा. तो साक्षीदारच आम्ही फोडला. राग येतो, पण दोन-तीन मिनिटांत त्याचा पुरावाच उरत नाही."

"मग त्या बामण्याच्या तोंडातही साचा आहे की! त्याला कसा राग आला?"

"कोण म्हणालं त्याला राग आला होता?" बाईंनी चष्मा काढला. "शांतपणेच ठेवला असेल पाय. दुष्टपणाला राग लागत नाही, बाळे. राग लागतो तो थांबवायला."

"पहिल्या वर्षीच आमच्या लक्षात आलं होतं," बाई पुढे म्हणाल्या. "मी लिहूनही दिलं. पण तोवर मारामाऱ्या निम्म्या झाल्या होत्या, घटस्फोट कमी झाले होते. कोण ऐकतो? मीही मग गप्प बसले. मला साच्याचं निमित्तसुद्धा नव्हतं."

"जुईचा साचा काढला तर?"

"चार दिवस चालेल. दात हलतील, ठणकतील. पाचव्या दिवसापासून एकेक सुटायला लागेल. हाड मऊ आहे तिचं."

"चार दिवस पुरेत. सोमवारी तिला बोलायचंय. चिडून बोलली तरच कुणाला तरी पाझर फुटेल ना!"

"हां," बाई म्हणाल्या, पण त्यांचा सूर काही पक्का नव्हता.

त्या रात्री केतकीने जुईचा साचा काढला. सात वर्षांत पहिल्यांदा. पोरगी जिभेने दात चाचपत हसली, झोपी गेली. शुक्रवारी सकाळी ती नाडी बांधता बांधता थांबली, वाकड्या करंगळीकडे बघत राहिली आणि मग तिने बूट भिंतीवर फेकून मारला.

"त्याने पाय ठेवला माझ्यावर! सगळ्या बघत होत्या! आणि मी तुला सांगितलं तेव्हा तू मला मेथी म्हणालीस! मेथी!"

"जुई, अगं—"

"काय जुई? तू आई आहेस ना माझी?"

दिवसभर हेच. पहिलीतली गोष्ट, चौथीतली गोष्ट, हरवलेली छत्री, बाबाचं ओडिशाला निघून जाणं, सात वर्षांतलं जे जे तिथल्या तिथे विझलं होतं, ते एकामागून एक पेटत होतं. केतकीनेही सकाळपासून साचा काढून ठेवला होता, आणि दोघी इतक्या भांडल्या की खालच्या मजल्यावरचे आजोबा घाबरून वर आले. संध्याकाळी जुई तिच्या कुशीत शिरली. "आई, हे थांबतं कधी? मला थांबवता येत नाहीये."

लहानपणी राग आला की आजी गार पाणी द्यायची, एवढंच केतकीला आठवत होतं. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं. पोरगी ते घटाघटा प्यायली आणि पुन्हा रडायला लागली.

शनिवारी केतकीने विचार केला. दोघीही अशाच समितीपुढे गेलो तर लोक येड्यात काढतील. एकीने तरी डोकं ठिकाणावर ठेवायला हवं. मुलीने पेटून सांगावं, आईने शांतपणे तारखा, वार, साक्षीदार सांगावेत. विचार वाईट नव्हता. तिने आपला साचा बसवला आणि सोमवारपर्यंत घर कसंबसं ओढलं.

सोमवारी अकराला शाळेच्या बैठकीच्या खोलीत पाच जण बसले होते. मधोमध अध्यक्षीणबाई प्रभुदेसाई, पांढऱ्या केसांच्या, खरंच मायाळू. पाचांच्याही ओठांआड साच्याची बारीक चमक. कोपऱ्यात बामणे सर हात बांधून उभे होते.

"सांग बाळ," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

आणि जुईने सांगितलं. आधी नीट सांगितलं, मैदान, मोडलेलं बोट, बुटाचा तळवा. मग तिचा आवाज फाटला. "तुम्ही सगळे बघत काय बसलाय? लिहून काय घेताय? याला बाहेर काढा! मी याच्याबरोबर बसमध्ये बसणार नाही, नाही, नाही!" तिने वाकडी करंगळी टेबलावर आपटली. पाण्याचा पेला कलंडला. तिच्या हिरडीतून रक्त आलं होतं, ते हनुवटीवर उतरलं.

केतकीने बघितलं, पाचही जबडे क्षणभर आवळले होते. एका सदस्याचे तर डोळे भरून आले. फुटला पाझर, तिला वाटलं. मग एकेक जबडा सैल पडत गेला. ज्याचे डोळे भरले होते त्याने खिशातून रुमाल काढला आणि टेबलावरचं पाणी पुसलं.

"किती त्रास होतोय गं तुला," अध्यक्षीणबाई अगदी मनापासून म्हणाल्या. "साचा नाहीये का घातलेला? अशा अवस्थेत कुणालाही साधी गोष्ट मोठी वाटते. आधी साचा घाल. पाणी पी. मग तूच आम्हाला सांग, काय झालं ते. आपण काही कुठे पळून जात नाही."

जुईने आईकडे बघितलं.

आणि केतकीला ते पटलं. अगदी सरळ, स्वच्छ पटलं. पोरीच्या तोंडातून रक्त येतंय. दात हललेत. बाई समजूतदार आहेत, ऐकून घेणार आहेत. घाई कशाची? तिने पर्समधून जुईची डबी काढली.

"आई, नको ना."

"घाल गं. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

साचा चार दिवसांत घट्ट झाला होता. जुईने तो दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवला, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनेच बाहीने पुसलं. कुणीतरी ग्लासात नवं पाणी ओतलं. सगळे सौम्यपणे वाट बघत राहिले.

"हं. आता सांग."

"माझं बोट मोडलं होतं," जुई म्हणाली. "सरांनी हातावर पाय ठेवला. आता दुखत नाही."

"बामणे?"

"हो, ठेवला," बामणे सर म्हणाले. "रडणं थांबावं म्हणून. थांबलं."

अध्यक्षीणबाईंनी नोंद घेतली, सरांना काळजी घ्यायला सांगितलं, सगळ्यांचे आभार मानले. शिबिराचं संमतिपत्र समोरच होतं. केतकीने सही केली.

एक वाजता दोघी घरी जेवायला बसल्या. जुईची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. केतकीने साचा काढला, डबीत ठेवला, पिवळीधमक आमटी भातावर ओतली आणि पहिला घास तोंडाशी नेला. तो तिथेच राहिला. तिने समोर बघितलं. जुई पांढऱ्या आमटीत भात कालवत होती, वाकडी करंगळी तेवढी बाजूला धरून.

"जुई," ती ओरडली, "जुई, मी काय केलं गं! तू जायचं नाहीस! ऐकतेस का, जायचं नाहीस!"

जुईने मायेने आईकडे बघितलं, आईचा मोबाइल आपल्याकडे ओढून वेळ बघितली आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"जेव ना आई. दोनपर्यंत बरं वाटेल तुला. माझी बस चारला आहे."