शेवटच्या माणसाचा दिवा

अहमदपूरच्या बसस्टँडवर लाइट गेली आणि शेवटची गाडी काही येईना, तेव्हा व्यंकटकाकांनी बाकावर पाय वर घेतले. शेजारी दिपाली आणि यासेर, त्यांच्याच गावची कॉलेजातली पोरं.

"शेषेराव माझा साडू," काका म्हणाले. "त्याच्यावर गुदरलेलं सांगतो."

लोह्याकडच्या त्याच्या गावाला दगडी वेस आहे. रस्त्यासाठी ती पाडायची, हे ठरायला एक बैठक पुरली. ती वाचवायला लहानसं अनुदान मिळवताना शेषेरावाच्या चपला झिजल्या. मंजुरी आली ती थेट मार्चात. अट अशी, की काम जुन्या पद्धतीनं, चुन्यात करायचं आणि मार्चअखेर संपवायचं. साहेब पाडव्याला तपासणार. नापास झालं की वेस जाणार.

"भाऊ, चुना मुरायलाच महिना लागतो," खाजा मिस्त्री म्हणाला. "ह्या लोकांनी चुना कधी बघितलाय का?"

मग आत सिमेंट भरलं आणि वरून चुन्याचा हात मारला. वेशीतला दिव्याचा कोनाडा तडकला होता, तोही बुजवून टाकला. त्या कोनाड्याची एक रीत होती. अंधार पडला की दिवा लावायचा, आणि सगळ्यांत शेवटी जो गावात शिरेल त्यानं तो विझवायचा. दिवा जळतोय म्हणजे कुणीतरी अजून बाहेर आहे. गावात वीज आली आणि ही रीत मोडली.

पाडव्याची आदली रात्र. शनिवार, अमावास्या. नळाला पाणी उशिरा आलं, म्हणून शेषेराव बादली घेऊन ओल्या कामावर पाणी मारायला निघाला.

"काका, भूत बी मार्चअखेरलाच आलं का?" दिपाली हसली.

"ऐक तर, पोरी."

बादली रिकामी झाली. शेषेराव वेशीच्या ओट्यावर टेकला. अंग आंबून गेलं होतं. बाहेरच्या रस्त्यावर पावलं वाजली. वेशीपाशी येऊन थांबली.

"कोण हाय?"

कुत्रंही भुंकलं नाही.

"दिवा कुठं हाय?" आवाज थकलेला. लई लांबून चालत आल्यासारखा.

"ये की आत. वेस उघडीच हाय."

"इझवल्याबिगर... कसं येऊ?"

शेषेरावानं बॅटरी मारली. रस्ता रिकामा. आवाज तिथूनच.

"मीच शेवटचा हाय, बापू. माझ्या मागं कुणी न्हाई..."

खाजाची हातोडी पायाशी पडली होती. दोन घावांत कोनाडा मोकळा झाला असता. शेषेरावानं ती उचललीसुद्धा. मग सकाळ आठवली. फुटलेली भिंत. नापास. जेसीबी.

"उद्या," तो म्हणाला. "साहेब गेले की फोडतो."

मग पावलं. लांब जाणारी...

साहेब आले, फोटो काढले, काम पास केलं. आत चुना आहे की सिमेंट, हे टिचकी मारूनही पाहिलं नाही. जाता जाता बजावलं, "पास झालेल्या कामाला आता हात लावायचा नाही. लावलात तर मंजुरी रद्द."

वेस वाचली. हातोडी घरी गेली.

काकांनी गाडीच्या वाटेकडं पाहिलं.

"तो परत आला का?" यासेरनं विचारलं.

"न्हाई. पण शेषेराव रोज पहाटे फडकं घेऊन जातो. बुजवलेल्या कोनाड्यावर, त्या पांढऱ्या चुन्यावर, काजळी धरलेली असते. खालून वर. पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"कुणी मस्करी करत असेल..." दिपाली म्हणाली.

"मीही तेच म्हणालो. मग हात लावून पाहिला."

काकांनी तळवा मांडीवर पुसला.

"भिंत कोमट होती."