तिसरा ठोका

भिंगार मागं टाकून डोंगराच्या कडेनं गेलं की माळ लागतो. त्या माळावरच्या वाल्मिकशेठच्या मळ्यात विहीर उकरायला गोरक्षबाबा निघाले, ते अगदी रोजच्यासारखे. बायकोनं, छबूबाईनं, फडक्यात भाकरी बांधून दिली, वर लसणाची चटणी. बाबांनी वहाणा घातल्या, पहार खांद्यावर घेतली. सगळा जन्म ते असेच कामाला निघत आले होते. फरक एवढाच, की आजची विहीर पाण्यासाठी खणायची नव्हती. आपलं पोर बाहेर काढायला खणायची होती.

पोराचं नाव कल्याण. दिवाळीच्या तोंडावर तो ह्याच विहिरीत कामाला होता. कल्याण खाली, त्याचा जोडीदार सुनील वर यारीवर. यारी म्हणजे काठावर रोवलेला लोखंडी खांब, त्याला आडवा हात, इंजिनानं गुंडाळला जाणारा दोर आणि दोराच्या टोकाला बकेट. कड कच्ची आहे, आधी बांधून घ्या, असं सुनील सांगून थकला होता. शेठ म्हणाले, "पाणी तर लागू दे, मग बांधू." आणि त्या दिवशी त्यांनी सुनीलला यारीवरून उठवून डिझेल आणायला पिटाळलं. दिवस कलताना तो परत आला, तर विहिरीच्या जागी सपाट माती, आणि तिच्यावर जेसीबी मागंपुढं करतोय.

"कड ढासळली. गुरंढोरं पडत्याल म्हनून बुजवून घेतली," शेठ म्हणाले.

"आन् कल्याण?"

"तो आदीच वर आला. गेला कुटं तरी. मला इचारून गेला व्हय?"

"यारीवर मी न्हवतो, शेठ. मंग वर कसा आला?"

शेठ जेसीबीकडं वळले. कल्याणचा सदरा तेवढा बाभळीच्या फांदीला हलत होता.

गोरक्षबाबांनी दावा लावला. भिंगारच्या नाझनीन वकीलबाईंनी तो हातात घेतला. पोरीच्या वयाची बाई, पण हट्टाची. ती स्पष्ट बोलायची. "बाबा, कोर्ट विचारतं, मेला कशावरून? देह नाही, दाखला नाही. शेठ म्हणतात पळून गेला. नुसतं हरवलेलं माणूस मेलं म्हणायला सात वर्षं थांबावं लागतं."

"माजं पोर पळपुटं न्हवतं, बाई. लोक तसं म्हनत्यात. सून कुकू लावावं का पुसावं इचारती, तिला काय सांगू? मला त्यो वर काडून द्या. बाकी काय बी नको."

खूप खेटे झाल्यावर कोर्टानं हुकूम दिला. विहीर उकरा, आमचा माणूस समोर बसेल. देह निघाला तर दावा पुढं चालेल. नाही निघाला तर तिथंच संपला.

म्हणून त्या उन्हाळ्यात यारी पुन्हा उभी राहिली. सुनील आणि अजून एक गडी खाली उतरायचे, यारीवर बाबा स्वतः. लिंबाखाली खुर्च्या टाकून कोर्टाचा माणूस, दोन्हीकडचे वकील आणि वाल्मिकशेठ.

"काय म्हातारबा," शेठ रोज हाळी द्यायचे, "पोरगं घरात दडवून ठिवलंय आन् हितं हुडकायलाय व्हय?"

बाबा मान वर करायचे नाहीत. इंजिनाकडं आणि दोराकडं बघायचे.

विहिरीच्या कामाची एक रीत आहे. खाली आवाज घुमतो, वर इंजिन धडधडतं, बोललेलं पोचत नाही. म्हणून खालचा माणूस पहारीनं बकेटीवर ठोका देतो, वरचा यारीच्या खांबावर. एक ठोका म्हणजे थांब, मग तो खालून येवो की वरून. दोन म्हणजे माल ओढ. तीन म्हणजे माणूस वर येतोय. आणि तीन पडले की वरच्यानं तोंड उघडायचं नाही. कोण आहे, कशाला येतोस, काही विचारायचं नाही. हात चालवायचा. विचारण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात कड अंगावर येते. बाबांना हे त्यांच्या उस्तादानं शिकवलं, बाबांनी कल्याणला.

कल्याणचे ठोके तर कुणीही ओळखावेत. पोरवयात हातात फुटलेल्या सुरुंगाच्या केपेनं त्याच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी नेली होती. पहार मुठीत फिरायची. मग तो दोन ठोके लागोपाठ द्यायचा, मूठ नीट करायला जरा दम घ्यायचा, आणि तिसरा द्यायचा. ठण-ठण... ठण. घरी मेख ठोकतानाही तसंच; आई हसायची, म्हणायची, ठोकतानाबी अडखळतंय माजं पोर.

आठवडाभर नुसता मुरूम निघाला. विहीर निम्मी मोकळी झाली. खालून एक वास यायला लागला. सडल्याचा नव्हे, ओल्या दगडाचा आणि जुन्या सुरुंगाच्या दारूचा, बंद डब्यात कोंडून ठेवल्यासारखा. त्या दुपारी सुनील आणि दुसरा गडी जेवायला वर आले. बकेट खालीच होती. इंजिन बंद केलं. वारा पडलेला, माळावर होले घुमत होते, तेही गप्प झाले.

सुनीलचा घास तोंडाशी होता तेव्हा खालून आवाज आला.

ठण. ठण. ठण.

एकसारखे ठोके. घड्याळानं द्यावेत तसे.

बाबा उठले. हे ठोके कल्याणचे नाहीत, हे त्यांच्या मनाला कळलं. पण मनाच्या आधी हात इंजिनाला जाऊन लागले होते. जन्मभर वळण लावलेले हात ते. हँडल फिरलं, इंजिन धडधडायला लागलं.

"बाबा..." नाझनीनबाई खुर्चीतून उठल्या. "खाली कोण आहे?"

बाबांनी तोंड उघडलं नाही.

"आबा, आमी दोगंबी वर हाय..." सुनीलचा आवाज फाटला. "आबा, नगा वडू... आबा..."

दोर ताठ झाला. माणसाचं वजन आलं. मेलेल्याचं ओझं लोंबतं, हेलकावतं. बाबांनी तीही ओझी ओढली होती. हे ओझं उभं होतं.

आधी डोकं दिसलं, केसांत मुरूम. मग खांदे. एक पाय बकेटीत, एक हात दोराला, विहिरीवरचा माणूस येतो तसाच. काठावर पाय टाकून तो उभा राहिला आणि डोळे बारीक करून उन्हाकडं बघायला लागला.

"आबा," कल्याण म्हणाला, "लई येळ लावला."

बघा, त्या लिंबाखाली एवढी माणसं होती, पण बाबांइतकं भ्यालेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे वाल्मिकशेठ. जेसीबी कुणाच्या अंगावर फिरवला ते त्यांना एकट्यालाच ठाऊक. ते खुर्चीमागं गेले, मग जीपमागं. तेवढ्यात त्यांच्या वकिलाला हसू फुटलं. "अहो, तुमचा मुडदा तर स्वतःच्या पायानं आला की!"

हसू ऐकून शेठच्या जिवात जीव आला. "जित्ता हाय! लिहून घ्या सायेब, जित्ता हाय!" असं ते ओरडत होते, आणि कल्याण एक पाऊल पुढं आला की दोन पावलं मागं सरत होते. पण ओरडायचे थांबले नाहीत.

मग सगळ्यांनी आपापल्या परीनं ते जुळवून घेतलं. खाली कपार असेल. बाप-लेकानं मिळून नाटक केलं असेल. रात्रीतून दोरानं उतरवलं असेल. कोर्टाच्या माणसानं लिहिलं आणि तो गेला. ज्याला शोधायचं तो सापडला, आता खणायचं कशाला? संध्याकाळी जेसीबी आला आणि उरलेल्या निम्म्या विहिरीवर पुन्हा माती लोटली.

कोर्टात कल्याणनं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. आधारच्या मशिनीवर अंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला. बाबा हात जोडून पुढं झाले.

"सायेब, माज्या पोराची करंगळी अर्दी हुती. ह्याची बगा... पुरी हाय."

शेठचा वकील वळला. "साहेब, बोट वाढलं म्हणून बाप पोराला नाकारतोय!"

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला. न्यायाधीश बिचारे समजुतीनं म्हणाले, "बाबा, मुलगा परत आलाय. देवाचे आभार माना आणि घरी न्या त्याला."

बाहेर जिन्यात नाझनीनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कल्याणकडं त्या बघत नव्हत्या. "जिवंत माणसाच्या मरणाचा दावा चालत नाही, बाबा," एवढंच त्या बोलल्या, आणि पदरानं नाक झाकून घेतलं. त्याच्या अंगाला अजून विहिरीतला तोच वास होता.

बाबांनी त्याला घरी नेलं. दुसरं काय करणार?

छबूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, गळ्यात पडून रडली. सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, कुंकू लावलं. गाव बघायला लोटला. चार दिवसांनी गाव पांगला आणि घर तेवढं उरलं.

तो वाढेल ते खायचा. चावताना करकर वाजायचं, घासात खडे असल्यासारखं. कडक उन्हात बसायचा, पण घामाचा थेंब नाही. रोज अंघोळ करूनही अंथरुणात मूठभर मुरूम निघायचा.

"आत्याबाई, मला त्या खोलीत नगा धाडू," ज्ञानेश्वरी सासूच्या पायाशी बसून म्हणाली. "त्यांची छाती... कान लावला तर वाजत न्हाई वो. लांबनं पानी पडल्यावानी काय तरी येतं."

"नवरा हाय तुजा. कोर्टानं सांगितलंय," छबूबाई म्हणाली. मग चुलीतलं जळण मागं ओढलं. "मला काय कळत न्हाई व्हय, पोरी? पर दारात यिऊन आई म्हनलं. असंल कोनी बी. मी काय त्याला परत लोटू?"

सून खोलीत गेली. पाणी आणायला, जळण आणायला बाहेर दिसायची. बोलायची मात्र थांबली.

एकदा अंगणात दोघंच असताना बाबांनी विचारलं, "खाली इतकं दिस काय करत हुतास रं?"

"जागा करत हुतो, आबा."

"कुनासाटी?"

कल्याण हसला. कल्याणसारखाच हसला.

त्यानंतर बाबांचं जेवण तुटलं. आपण तीन ठोक्यांना ओढलं ते कुणाला, हा एकच किडा डोक्यात. आणि त्याच्या आत दुसरा, त्याहून वाईट: मग आपलं पोर कुठं आहे? आता त्याला कोण शोधणार? कागदावर तो घरी बसून भाकरी खातोय.

एका दुपारी ते पहार घेऊन माळावर गेले. मळ्यात चिटपाखरू नव्हतं. विहिरीजवळच्या त्या तुकड्यात गडी पाय टाकीत नसत. बुजवलेली जागा भोवतालच्या जमिनीहून जरा खोल गेली होती, निजलेल्या माणसाच्या पोटासारखी. बाबा गुडघ्यांवर बसले. तापलेल्या मातीला कान लावला. कान भाजला, तरी हलले नाहीत.

पहिल्यांदा काही नाही. मग खूप खालून, लोखंडावर लोखंड.

ठण-ठण...

बाबांनी श्वास धरला.

...ठण.

तोच. मूठ नीट करायला घेतलेला तोच दम. अर्ध्या करंगळीचा.

"आलो रं..." बाबा रडत नव्हते, ओरडत होते. "आलो, बाळा, वडतो... वडतो..." यारी नव्हती, दोर नव्हता. ते पहारीनं माती फोडायला लागले. पहार बाजूला टाकून हातांनी उपसायला लागले. नखं निघाली. खालून पुन्हा ठोके आले, ह्या वेळी जरा घाईनं. वरच्याचा हात लागलाय हे खालच्याला कळतं तसे.

ठण-ठण... ठण.

बाबांच्या अंगावर सावली पडली.

कल्याण येऊन उभा होता. उन्हात चालत आलेला, कोरडा ठाक. तो शेजारी उकिडवा बसला आणि बाबांचे रक्ताळलेले हात त्यानं हातांत घेतले. पाचही बोटं पुरी, गार, गुळगुळीत.

"आबा, चला घरी. आई वाट बगती."

"खाली... खाली माजं..."

"ठावं हाय. लई दिस झालं, असाच ठोकतोय." तो लहान पोराला समजावावं तसा बोलत होता. "मी खाली हुतो तवा बी ठोकायचा. झोप लागू द्यायचा न्हाई."

खालून पुन्हा आलं. ठण-ठण...

कल्याणनं बाबांची पहार उचलली. शेजारी यारीचा खांब अजून रोवलेला होता, आडवा हात काढून नेलेला. त्यानं त्या खांबावर, जोरात नाही, नीट ऐकू जाईल असा, एकच ठोका दिला.

ठण.

खालचा तिसरा ठोका आलाच नाही.

बाबा कान लावून राहिले. माती गप्प झाली होती. वरून एक ठोका आला की थांबायचं, कितीही वेळ लागो, वरचा सांगेपर्यंत हलायचं नाही, हे त्यांनीच पोराला शिकवलं होतं. आणि खालच्या कल्याणनं बापाचा शब्द कधी मोडला नव्हता.