अकरा वाजता बंद पडणारी साइट

चेन्नईजवळच्या कोवलमच्या स्टॉपवर ऊर्मी बसमधून उतरली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती — आणि रुग्णालयाची साइट नेमकी पाच मिनिटांपूर्वी बंद पडली होती. रोजच्यासारखी.

नोंदणीच्या खिडकीसमोरची रांग थेट फाटकाबाहेर गेलेली. मासळीच्या रिकाम्या टोपल्या, पदराने घाम पुसणाऱ्या बायका, कडेवर किरकिरणारी पोरं, खारा वारा... ऊर्मीने कोपऱ्यात उभं राहून सांगलीच्या मैत्रिणीला फोन लावला. इथे कुणाला मराठी कळतंय, म्हणून चांगल्या मोकळ्या आवाजात म्हणाली, "अगं, आमच्या कोडमध्ये काही नाही! इथला डेटाबेस सांभाळणारा कुणीतरी ठोंब्या असणार."

शेजारच्या टेबलावर वाकून हाताने टोकन लिहिणाऱ्या तरुणाने मान वर केली.

"ठोंब्या तो मीच," तो शांतपणे म्हणाला. "गुरुराज. बैसा. उदक घ्याल?"

ऊर्मीच्या हातातून फोन निसटता निसटता राहिला. "तुम्ही... मराठी?"

"तंजावरकडचे. तीनशे वर्षं होत आली इकडे येऊन. तुम्ही?"

"सांगलीची. दोन महिने."

"मग तुम्हांस माफ." आणि तो हसला — आधी डोळ्यांनी, मग ओठांनी.

ऊर्मी चेन्नईतल्या अड्यारच्या एका कंपनीत जावा डेव्हलपर होती. रुग्णालयाची अपॉइंटमेंट देणारी साइट तिच्याच टीमने बांधलेली. महिनाभरापूर्वी सुरू झाल्यापासून ती रोज सकाळी अकराच्या सुमारास गोठायची. रीस्टार्ट केली की दिवस निभायचा. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर आम्ही पुन्हा वह्या काढू, असं रुग्णालयाने कळवलं होतं. ऊर्मीने त्या सोमवारी संध्याकाळीच टीम लीड मुरलीला मेल पाठवून टाकली : 'रुग्णालयाचा डेटाबेस मंद आहे.'

मंगळवारी तिने नवा उपाय केला. साइटला डेटाबेसशी बोलायला पन्नास कनेक्शनं राखून ठेवलेली असत. एकाचं काम झालं की त्याने ते परत ठेवायचं, मग दुसऱ्याने घ्यायचं. ऊर्मीने पन्नासाची ऐंशी केली. साइट अकराला पडली नाही. पावणेएकला पडली.

"घागर मोठी केली," गुरुराज म्हणाला, "भोक तसंच."

"मग तुम्हीच सांगा ना शहाणे!"

"सांगतो. पण तुम्ही रागावल्यावर फार भरभर बोलता... अर्धं कळत नाही मज."

ऊर्मी आणखी भरभर बोलली. तो ऐकत राहिला. अर्धं कळत नसलेल्या माणसाच्या मानाने जरा जास्तच मन लावून.

बुधवारी साइट गोठली तशी ऊर्मीचा हात रीस्टार्टकडे गेला. गुरुराजने तो अडवला — म्हणजे बोटं नुसती जवळ आणली आणि घाईने मागे घेतली. "रीस्टार्ट केलं की पुरावा पुसला जातो. आधी पाहा, आत कोण कुठं अडकलंय."

"आणि बाहेरची रांग?"

"रांग मी सांभाळतो. दहा मिनिटं तुमची."

तो उन्हात जाऊन उभा राहिला. खिडकीतून तिला दिसत होतं — एकेका म्हातारीला सावलीत बसवत होता, टोकन लिहीत होता, कुणाला तरी हसवतही होता. ऊर्मीने दहा-दहा सेकंदांनी तीन वेळा थ्रेड डंप काढला. प्रोग्राममधला प्रत्येक धागा त्या क्षणी काय करतोय, ते त्यात दिसतं. सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते. कनेक्शनची. डेटाबेस मात्र आरामात बसला होता, त्याला कुणी काही विचारतच नव्हतं! कुणीतरी कनेक्शन घेऊन परत ठेवत नव्हतं. तिने सेटिंग बदललं : जो परत ठेवणार नाही, त्याचं नाव लॉगमध्ये उतरेल.

गुरुवारी नाव उतरलं. पावती छापणारं पान. रुग्णाचा फोन नंबर रिकामा असला की तिथे एरर यायची आणि कनेक्शन उघडंच राहायचं. पहाटेपासून मासळी विकून आलेल्या, फोन नसलेल्या बायका अकरापर्यंत पन्नास तरी होत.

ते पान कुणी लिहिलं, हेही दिसत होतं. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात बसून, घाईघाईत... ऊर्मीनेच. फोन नसलेलं माणूस तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कान तापले तिचे. नजर खाली वळली ती गुरुराजच्या टेबलावरच्या कागदावर. कामात हलगर्जीपणाचा मेमो, मंगळवारचा.

"हा... माझ्या मेलमुळे?"

"तुमच्या मुरलींनी आमच्या मोठ्या डॉक्टरांस पाठवली."

"आणि तुम्ही मला काहीच बोलला नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही इथं अवघडून बसला असता." त्याने मेमोची घडी करून खणात टाकली. "ओळ दुरुस्त करा. कुणी लिहिली, ते मी कुणास सांगत नाही."

"पण मी सांगणार आहे," ऊर्मी म्हणाली.

शुक्रवारी सांगितलंच तिने, मोठ्या डॉक्टरांपुढे, उभं राहून. चूक डेटाबेसची नव्हती, माझी होती. आता काम बिघडलं तरी कनेक्शन आपोआप बंद होईल असं लिहिलंय. मुरलीचा चेहरा आंबला. पण अकरा वाजले, बारा वाजले, साइट चालत राहिली. आणि मेमो परत घेतला गेला.

बस येईपर्यंत गुरुराज स्टॉपवर उभा होता.

"आता साइट बंद पडायची नाही," तो म्हणाला.

"नाही पडायची."

"...वाईट झालं."

ती हसली. पण बस सुटल्यावर ते हसू काही टिकलं नाही.

पुढचे चार दिवस घरी आणि अड्यारच्या ऑफिसात तिने कितीदा तरी ती साइट उघडून पाहिली. दर वेळी लख्ख चालत होती! बुधवारी तिने सुट्टी टाकली आणि कोवलमची बस धरली.

तिला दारात पाहून गुरुराज ताडकन उठला. "काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग?"

"काही न बिघडता तुमच्याशी बोलायचं होतं," ऊर्मी म्हणाली. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या होत्या. तिने बघू दिलं. "तुम्ही आवडता मला. बास. एवढंच."

कशानेही न गडबडणारा गुरुराज असा काही गडबडला, की टोकनांचा गठ्ठा जमिनीवर सांडला आणि तोंडून मराठी निघेचना. तो तमिळमध्ये बोलत सुटला... एका दमात, लांबलचक, कानांच्या पाळ्या लाल करून. ऊर्मीला एक अक्षर कळलं नाही. पण खिडकीपाशी उभ्या म्हातारीला सगळं कळलं. तिने बोळकं पसरून ऊर्मीच्या दंडाला कोपराने ढोसलं.

"सरि सोल्लु, मा!" ती म्हणाली.

दोन महिन्यांत ऊर्मी एवढं नक्की शिकली होती. सरि म्हणजे हो, ठीक, चालेल. म्हातारी सांगत होती, हो म्हण.

"पण तो म्हणाला काय?" तिने विचारलं. रांग नुसती हसत होती.

ऊर्मीने गुरुराजकडे पाहिलं.

"सरि," ती म्हणाली.