वर्गमूळावरची रेघ

सिंदीच्या स्टेशनाजवळ माधवीचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. कापसाच्या गाड्या दारावरून जात, आणि उडालेला कापूस हळूच येऊन की-बोर्डावर बसे. अशाच एका दुपारी शिकवणी वर्गाचा नवा गणिताचा सर, रत्नदीप, पेपर घेऊन आला. तिनं तो टाइप करून हातात ठेवला, अन् त्याला हसूच फुटलं.

"म्याडम, हे गणित हाये का निबंध? 'एक्स अधिक नऊ याचे वर्गमूळ'… सगळं अक्षरात?"

"मंग काय करू? चिन्ह येते, पण त्याच्या डोक्यावरची रेघ पुढं सरकत नाई. नऊ बिचारा उघड्यावर राह्यते."

"त्याले तं छत पाह्यजे."

"छत तुम्ही घाला. मी जागा सोडते."

तीच रीत पडली. ती जागा सोडून टाइप करायची, छापलेल्या प्रतीवर तो काळ्या पेननं वर्गमूळं काढायचा, मग झेरॉक्स. तो वाकून रेघ ओढायचा आणि ती त्याच्या कपाळावर आलेल्या केसांकडं बघत राहायची.

"जागा लय सोडता तुम्ही," एकदा तो म्हणाला.

"मुद्दाम. तेवढाच वेळ बसता तुम्ही—" तिनं जीभ चावली. "म्हणजे… रेघ नीट येते ना."

 दुसऱ्या दिवशी तो पेपर नसताना आला.

मग रेघा आखूड पडू लागल्या. एक्सवर येऊन थांबायच्या. नऊ पुन्हा उघड्यावर. बाजूला ठेवलेला चहा त्याच्या हातानं सांडायचा, निघताना खांदा चौकटीला धडकायचा. माधवीला कळत होतं. तिनं विचारलं नाही. विचारलं, आणि हा यायचाच बंद झाला तर…? तो गेला की ती पेन उचलायची, आणि त्याची रेघ जिथं थांबली तिथून पुढं न्यायची, हलक्या हातानं, जणू झोपलेल्या माणसावर पांघरूण ओढावं.

मामेबहिणीच्या साखरपुड्याला ती जाम गावाला गेली, तेव्हाच सराव परीक्षेचा पेपर निघाला. वर्गाचे मालक पुंडलिकराव यांनी रत्नदीपच्या टेबलावरची प्रत उचलून परस्पर झेरॉक्स काढली. पोरांची उत्तरंच जुळेनात.

"ओ बाई!" पुंडलिकराव दुकानात येऊन कडाडले. "टायपिंग करता का खेळ करून राह्यल्या? नऊ वर्गमूळाच्या बाहेर!"

"रेघ माही हाये, सर," मागून आलेला रत्नदीप म्हणाला. "तिची नाई."

"मंग आधीच्या पेपरात कशा बराबर होत्या?"

रत्नदीपनं जुना पेपर डोळ्यांजवळ नेला. सरळ धरला, मग मान फिरवून पाहिला. शाईचा जोड आता त्याला दिसला.

"हे… कोणं केलं?"

"मी," माधवी म्हणाली.

"कवापासून?"

"औंदाचा कापूस यायच्या आधीपासून."

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेकडेनं नजर विझत आली होती. गेलेली परत येणार नव्हती. उरलेली राखायला ऑपरेशन. चार-सहा महिने आधी आला असतास, ते म्हणाले, तर पुष्कळ राहिलं असतं.

ऑपरेशनला निघाला त्या सकाळी माधवी फलाटावर गेली. तो एकटाच उभा होता, हातात पिशवी.

"काऊन आली?"

"तुमची नोकरी जाईल म्हणून नाई गप राह्यली मी, सर. तुमचं येणं जाईल म्हणून… मी तुमच्यावर जीव लावून बसली. अन् तुमचे डोळे खाल्ले."

 "हे आधी बोलली असती," तो म्हणाला, "तं सगळं दिसत होतं तवाच तुह्याकडं पोटभर पाह्यलं असतं."

"रागवा ना. शिव्या द्या."

"राग हाये. तो काई इतक्यात जाणार नाई."

गाडी लागली. माणसं धावली. माधवीनं हात पुढं केला. तो तसाच उभा. दिसला नाही, की नको होता? पुन्हा गप्प राहणं तिला सोसवेना.

"सर, हात पुढं केला मी. उजव्या बाजूनं."

त्यानं मान वळवली. हात पाहिला. धरला नाही… हातातली पिशवी मात्र तिच्याकडं दिली, आणि डब्याकडं वळला.

"पायरी आली का सांगजो," तो म्हणाला.