पाण्याच्या गोळ्यातली सावली

आमच्या स्कॅनच्या खोलीत दिवसाची सुरुवात पाण्यानं होते. पहिला पेशंट आत घेण्याआधी पाण्यानं भरलेला एक बंद गोळा मशीनमध्ये ठेवायचा, त्याचा स्कॅन काढायचा आणि मशीन ठीक आहे ना ते पाहायचं. पडद्यावर नुसती करडी चकती दिसते. पाण्यात दुसरं असणार तरी काय! मी स्कॅन वाचणारा डॉक्टर, गोळ्याचं काम टेक्निशियनबाईंचं. पण त्या सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"सर, जरा बघता? पाण्यात काहीतरी आहे..."

चकतीच्या कडेला शेंगदाण्याएवढी पांढुरकी सावली होती, एका बाजूनं किंचित चेपलेली. ही सावली मी ओळखत होतो. ती माझ्या वहिनीच्या डोक्यातली होती.

शिकत असताना मी दादाकडेच राहायचो. माझ्या परीक्षा असल्या की जागरण वहिनीचं. काही आठवड्यांपूर्वी ती डोकं दुखतं म्हणून आली, तेव्हा तिचा स्कॅन पाहूनच लिम्फोमाची, एका प्रकारच्या कॅन्सरची, पाल मनात चुकचुकली होती. मेंदूतल्या या गाठीचा तुकडा तपासायला हाती लागेपर्यंत स्टेरॉइड द्यायचं नाही, नाहीतर गाठ विरघळते, रोगाचा पुरावाच उरत नाही आणि काही दिवसांनी ती गुपचूप परत येते. हे मीच मुलांना शिकवतो. पण वहिनी कपाळ धरून कण्हत होती. मला बघवेना आणि मी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या.

तिला झटकन उतार पडला. पुढचा स्कॅन स्वच्छ आला. "देवमाणूस आहेस रे तू," दादा म्हणाला. गाठ गेलेली नाही, लपली आहे, एवढंच मला सांगायचं होतं. जीभ रेटली नाही. देवमाणूस म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही? मला फार आवडलं, त्याची आज शरम वाटते.

गोळ्यात सावली दिसली त्या दिवसापासून रोज सकाळी ती थोडी आत सरकलेली असायची. न राहवून मी आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"समजा, पन्नाशीची बाई आहे. मेंदूत लिम्फोमा. कितपत आशा?"

"वय बरं आहे. स्वतःच्या पायांनी चालते?"

"चालते."

"मग गाठ कुठे आहे, त्यावर बरंच अवलंबून. वरवर असेल तर झुंजता येतं. खोल मध्यात गेली असेल, तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. "पण समजा कशाला? घेऊन या ना तिला."

मी नेली नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. टेक्निशियनबाई कंटाळून म्हणाल्या, "सर, गोळा खराब झालाय. बदलून टाकू?"

"राहू दे," मी म्हणालो. सावली इथे आहे तोवर ती वहिनीच्या डोक्यात नाही, असं काहीतरी वेडगळ मी मनाशी धरून बसलो होतो.

मग एका सकाळी सावली चकतीच्या मधोमध दिसली. मी दादाला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "आणि हे तू आज सांगतोयस?"

वहिनी त्याच्या खांद्याचा आधार घेत आली. गोळा बाजूला काढून आम्ही तिला त्याच जागी झोपवलं. पडद्यावर तीच चेपलेली सावली उमटली, अगदी मधोमध. टेक्निशियनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

वहिनीला उतरवायला मी आत गेलो. तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात ओला होता.

"भाऊजी, किती गार होतं हो आत..."

"ही खोली गारच ठेवतात, वहिनी. झालं आता."

"आजचं नाही म्हणत मी." ती हळूच बोलत होती, दादाला ऐकू जाऊ नये असं. "रोज सकाळी तुम्ही काचेपलीकडून बघायचात. मी हाका मारत होते... त्या बाई मला बाहेर काढणार होत्या. तुम्हीच म्हणालात, राहू दे."